बाहेरगांवाहून टपाल कां उघडत नाहीं?

कचेरींत बसून ई-मेल वाचणाऱ्यास त्यामागील व्यवस्थेची आठवणहि होत नाहीं. तोच गृहस्थ सुटींत गांवीं जातो, घरच्या संगणकावर वेबमेलचा पत्ता टाकितो, आणि टपालाऐवजीं पडद्यावर एक रुक्ष वाक्य उमटतें. तें न वाचतांच तो पासवर्ड पुनःपुनः टाकूं लागतो. आम्हांस वाटतें, चूक येथेंच होते. कोणत्या दारीं आपण अडलों हें त्या वाक्यावरूनच कळावयाचें असतें.

उदाहरणार्थ मायक्रोसॉफ्टचा आयएसए सर्व्हर २००६ हा फायरवॉल घेऊं. त्याच्या वंशजाची, टीएमजी २०१० ची, देखभालहि २०२० सालीं थांबली. तरी ही रचना समजली म्हणजे आजचीं साधनें समजण्यास अडचण पडत नाहीं. हा सर्व्हर नुसती भिंत नव्हे. बाहेरून गुप्त लिपींत आलेली मागणी तो स्वतः उघडतो, तपासतो, आणि पुनः गुप्त करून आंतील एक्स्चेंज सर्व्हरकडे नेतो. म्हणजे प्रवास एक नसून दोन आहेत, व दोहोंस प्रमाणपत्र लागतें.

पहिला प्रवास अडला तर पान मुळींच दिसत नाहीं. पत्त्यांतील नांव बाहेरच्या जगास ठाऊक नसतें, किंवा ४४३ क्रमांकाचें द्वार बंद असतें. याची परीक्षा कचेरींत बसून करणें व्यर्थ. आंत त्याच नांवास पुष्कळदां दुसराच मार्ग लागतो. प्रमाणपत्राविषयीं इशारा मिळाला, तर त्याची मुदत व त्यावरील नांव पहावें. कधीं कधीं दोष आपल्याच संगणकाच्या घड्याळाचा निघतो!

खरी फसगत दुसऱ्या प्रवासांत होते. ‘५००’ हा अंक व लक्ष्याचें नांव चुकीचें असल्याची तक्रार दिसली कीं पुष्कळ व्यवस्थापक बाहेरचें प्रमाणपत्र बदलूं लागतात. तें बिचारें निर्दोष असतें. फायरवॉलच्या नियमांत आंतील सर्व्हरचें जें नांव लिहिलें आहे, तें त्या सर्व्हरच्या प्रमाणपत्रावर नाहीं, एवढाच त्या तक्रारीचा अर्थ; दोन्ही नांवें अक्षरशः एक करावीं. ‘४०३’ आल्यास बहुधा मार्ग नियमांत नसतो. एक्स्चेंज २००३ मधील ‘एक्स्चेंज’ हा मार्ग २००७ च्या आवृत्तींत ‘ओडब्ल्यूए’ झाला, आणि नियम जुनाच राहिला. पासवर्ड दोनदां विचारला जात असेल, तर प्रवेशाचा फॉर्म दोन्ही ठिकाणीं चालू आहे. तो फायरवॉलवर ठेवून आंतील काढावा.

इतका खटाटोप नको म्हणून कोणी तपासणीच काढून ४४३ क्रमांक थेट एक्स्चेंजपर्यंत मोकळा करितात. टपाल तत्काळ उघडतें, व दोष रखवालदाराचाच होता असें ठरतें. मार्च २०२१ मध्यें एक्स्चेंजमधील कांहीं उणिवा उघडकीस आल्या. त्यांतून पासवर्डावांचून आंत शिरतां येत होतें, आणि मायक्रोसॉफ्टनें दुरुस्ती काढण्यापूर्वींच चोर आंत पोंचले होते. त्यांस पहिली गरज होती ती याच मोकळ्या द्वाराची.

तेव्हां तपासणी न काढतां फायरवॉलची नोंदवही पहावी. ज्याचें टपाल उघडेना त्यानेंहि ‘चालत नाहीं’ एवढेंच न कळवितां, पडद्यावरील वाक्य जसेंच्या तसें, प्रयत्न कोठून केला तें, व मिनिटासुद्धां वेळ कळवावी. नोंदवहींत त्या मिनिटाची ओळ शोधणें मग कठीण नसतें.