हॉट-स्वॅप हार्ड डिस्क

हॉट-स्वॅप हार्ड डिस्क म्हणजे सर्व्हर चालू असतानाच, त्याचा वीजपुरवठा न तोडता, बसवता किंवा काढता येणारी हार्ड डिस्क होय. अशी डिस्क सर्व्हरच्या दर्शनी भागातील खणात सरकत्या ट्रेवर बसवलेली असते. ट्रेला काही जण कॅडी असेही म्हणतात. बँका, रुग्णालये, विद्यापीठे, शासकीय विदा केंद्रे अशा ज्या ठिकाणी यंत्रणा क्षणभरही बंद ठेवणे परवडत नाही, तेथे ही सोय वापरली जाते. ‘हॉट-प्लग’ ही संज्ञा पुष्कळदा याच अर्थाने वापरली जाते. मात्र काटेकोर वापरात, काढण्यापूर्वी संगणक प्रणालीला आगाऊ सूचना द्यावी लागत असेल तर हॉट-प्लग आणि तशी गरज नसेल तर हॉट-स्वॅप, असा भेद केला जातो.

पार्श्वभूमी

पहिली व्यापारी हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ साली रामॅक या संगणकासोबत आणली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या असलेल्या त्या अजस्र यंत्रात सुमारे ५० लाख अक्षरे मावत. हा साठा आजच्या एका साध्या छायाचित्राएवढा भरतो. पुढील तीन दशकांत डिस्क लहान व स्वस्त झाल्या, परंतु त्या बिघडणे थांबले नाही. १९८८ साली बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी एका शोधनिबंधात ‘रेड’ ही कल्पना मांडली. एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्कचा समूह वापरावा आणि त्यात थोडी जादा माहिती अशा रीतीने साठवावी की एखादी डिस्क गेली तरी काम अडू नये, हे तिचे सूत्र होते. डिस्क गेल्यावरही काम चालू राहते म्हटल्यावर, ती बदलण्यासाठी काम थांबवावे लागू नये ही अपेक्षा ओघानेच आली. १९९०च्या दशकात स्कझी डिस्कसाठी वीज, माहिती आणि डिस्कचा क्रमांक हे सर्व एकाच जोडणीत आणणारा ८० पिनांचा कनेक्टर प्रचलित झाला. २००३ पासून साटा आणि त्यानंतर सॅस या पद्धतींत ही क्षमता कनेक्टरच्या रचनेतच समाविष्ट झाली.

कनेक्टरची रचना

चालू यंत्रात विजेची जोडणी केली तर ठिणगी का पडत नाही, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर पिनांच्या लांबीत आहे. सर्व पिना एकाच लांबीच्या नसतात. डिस्क खणात सरकवताना सर्वप्रथम अर्थिंगच्या लांब पिना टेकतात, त्यामुळे डिस्क व सर्व्हर यांची विद्युत पातळी समान होते. त्यानंतर काही वीजपिना टेकतात व डिस्कवरील धारित्रे मर्यादित प्रवाहाने हळूहळू भारित होतात. उरलेल्या पिना सर्वांत शेवटी जुळतात. हा सारा क्रम सेकंदाच्या लहानशा भागात पूर्ण होतो. काढताना तोच क्रम उलटा घडतो आणि अर्थिंग शेवटी सुटते.

सर्व्हरच्या आतील ज्या पट्टीवर हे कनेक्टर असतात तिला बॅकप्लेन म्हणतात. सॅस बॅकप्लेन व सॅस कंट्रोलर असलेल्या सर्व्हरमध्ये साटा डिस्कही चालते. मात्र साटाच्या जागी सॅस डिस्क चालत नाही, तिचा कनेक्टरच तेथे बसत नाही. घरगुती संगणकातही साटा डिस्क असते, परंतु मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये एएचसीआय पद्धत व त्या जोडणीसाठी हॉट-प्लग हे दोन्ही सुरू नसतील, तर ती चालू यंत्रात जोडणे योग्य नाही.

हरवलेली माहिती परत कशी मिळते

गुणपत्रकाचे उदाहरण घेतल्यास रेडचे तत्त्व चटकन समजते. एका विद्यार्थ्याचे तीन विषयांतील गुण ४५, ६२ व ३८ आणि एकूण १४५ असे लिहिले आहेत. शाईचा डाग पडून मधला आकडा पुसला गेला, तरी १४५ मधून ४५ व ३८ वजा करून ६२ परत मिळवता येतात. डिस्कवर बेरजेऐवजी ‘पॅरिटी’ ठेवतात. दोन अंक सारखे असल्यास ०, वेगळे असल्यास १, असा तिचा नियम आहे. तीन डिस्कवर १, ०, १ असे अंक असतील तर पॅरिटी ० येते. दुसरी डिस्क गेली तर उरलेल्या १, १ व पॅरिटीतील ० यांवर तोच नियम चालवून हरवलेला ० मिळतो.

पण गुणपत्रकातील दोन आकडे पुसले गेले तर? एकूण हाती असूनही काही उपयोग नाही. रेड ५ची मर्यादा नेमकी हीच आहे. रेड ६ मध्ये दोन प्रकारची पॅरिटी असल्याने दोन डिस्क गेल्या तरी चालते, तर रेड १ मध्ये एका डिस्कची हुबेहूब नक्कल दुसरीवर असते.

नवी डिस्क वाढवणे

सर्व्हरमध्ये डिस्क वाढवणे आणि बिघडलेली डिस्क बदलणे ही दोन वेगळी कामे आहेत. ती एकच समजल्यामुळे पुष्कळ घोटाळे होतात. बदलताना कंट्रोलर बहुधा स्वतःहून नव्या डिस्कवर माहितीची पुनर्बांधणी सुरू करतो. वाढवताना मात्र डिस्क बसवणे हा कामाचा लहानसा आरंभ असतो.

प्रथम सद्यःस्थितीतील समूह निरोगी असल्याची खात्री करून घ्यावी व संपूर्ण प्रत काढावी. नवी डिस्क जुन्या डिस्कच्याच प्रकारची आणि निदान तेवढ्या क्षमतेची असावी लागते. समूहात मोठी डिस्क घातली तरी सर्वांत लहान डिस्कएवढाच तिचा भाग वापरला जातो. ट्रेमध्ये डिस्क स्क्रूने आवळून, यंत्राच्या धातूच्या सांगाड्याला हात लावून अंगावरील स्थिर वीज उतरवावी. मग ट्रे सरळ व सावकाश सरकवून शेवटी कळ लावावी. काही सेकंदांत डिस्क फिरू लागते आणि प्रणालीला दिसते. न दिसल्यास प्रणालीला पुन्हा शोध घेण्याची आज्ञा द्यावी लागते.

यानंतर तीन टप्पे उरतात. डिस्क समूहात सामील करून समूह विस्तारणे, विभाजनाची सीमा वाढवणे आणि फाइल प्रणाली वाढवणे. प्रत्येकी ४ टेराबाईटच्या चार डिस्कचा रेड ५ समूह १२ टेराबाईट जागा देतो. पाचवी डिस्क घातल्यावर ती १६ टेराबाईट होते, पण तिसरा टप्पा राहून गेला तर वापरकर्त्याला जुनीच १२ दिसत राहते. जुन्या पद्धतीच्या विभाजन तक्त्यात सुमारे २ टेराबाईटपलीकडे जाता येत नाही, हेही आधीच तपासलेले बरे. विस्तारात सर्व माहिती नव्या मांडणीत पुन्हा लिहिली जाते. त्यास कित्येक तास, प्रसंगी दिवस लागतात. या काळात वीज जाणे सर्वांत धोक्याचे. मराठवाड्यासारख्या भारनियमन अनुभवलेल्या प्रदेशात यूपीएसची बॅटरी तपासल्याशिवाय हे काम हाती घेणे धाडसाचे ठरते.

चुकीची डिस्क काढणे

या विषयातील सर्वांत महागडी चूक तांत्रिक नाही, ती मोजणीची आहे. रेड ५ मधील एक डिस्क बिघडली असता तंत्रज्ञाने तिच्या शेजारची चांगली डिस्क ओढून काढली, की समूहातील दोन डिस्क गेल्यासारखे होते आणि सर्व्हर जागीच थांबतो. बहुतेक सर्व्हर खणांची मोजणी शून्यापासून करतात, त्यामुळे पडद्यावर ‘डिस्क २’ असे दिसले तर ती डावीकडून दुसरी नसून तिसरी असू शकते. म्हणूनच खणाचा दिवा लुकलुकवण्याची आज्ञा देऊन आणि डिस्कवरील अनुक्रमांक पडताळूनच हात घालावा. सर्व डिस्कचे अनुक्रमांक खणांनुसार कागदावर लिहून तो कपाटाच्या दाराला चिकटवण्याची जुनी पद्धत आजही उत्तम आहे. चूक झालीच, तर नवा समूह तयार करण्याची किंवा डिस्क कोरी करण्याची कोणतीही आज्ञा देऊ नये. बहुतेक वेळा खरी हानी डिस्क काढल्याने होत नाही, ती या घाईच्या आज्ञांनी होते. दुसऱ्या सर्व्हरमधून आणलेली डिस्क कंट्रोलर ‘परकी’ म्हणून दाखवतो. तिच्यावरील रचना पुसायची की स्वीकारायची, हा प्रश्नही असाच थांबून सोडवावा.

डिस्क ओढताना ती आधी इंचभरच बाहेर घेऊन अर्धा मिनिट तशीच ठेवावी. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी तबकडी थांबेपर्यंत ती हलवल्यास आतील शीर्ष तिच्यावर घासण्याचा संभव असतो.

पुनर्बांधणीचा काळ

८ टेराबाईटची डिस्क सेकंदाला १५० मेगाबाईट या वेगाने अखंड लिहिली तरी जवळजवळ १५ तास लागतात. सर्व्हर त्याच वेळी लोकांची कामेही करत असल्याने प्रत्यक्षात हा काळ वाढतो. तोपर्यंत रेड ५ समूह दुसरा आघात सोसू शकत नाही, आणि एकाच वेळी खरेदी केलेल्या एकाच वयाच्या उरलेल्या डिस्कवर नेमका याच वेळी ताण पडतो. मोठ्या डिस्कसाठी रेड ६ किंवा नक्कल पद्धतीची शिफारस केली जाते ती यामुळेच.

नांदेड–हैदराबाद रस्त्यावरील नायगावसारख्या तालुक्याच्या गावी योग्य जातीची डिस्क त्याच दिवशी हाती येईल याची शाश्वती नसते. ज्या पतसंस्थेचा किंवा रुग्णालयाचा स्वतःचा सर्व्हर अशा गावी आहे, तिने एक डिस्क सर्व्हरमध्येच ‘राखीव’ म्हणून जोडून ठेवणे हिताचे आहे. बिघाड होताच मध्यरात्रीही पुनर्बांधणी आपोआप सुरू होते. उन्हाळ्यातील तापमानाचा प्रश्नही विचारात घ्यावा लागतो. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या, एक लाखाहून अधिक डिस्कच्या अभ्यासात तापमान व बिघाड यांचा अपेक्षेएवढा दृढ संबंध आढळला नाही. परंतु त्या डिस्क विदा केंद्रात होत्या. मे महिन्यात बंद खोलीतील पत्र्याच्या कपाटाला तो निष्कर्ष लावता येणार नाही. रिकाम्या खणांवरील आच्छादने काढून ठेवू नयेत. ती शोभेसाठी नसून हवेचा झोत डिस्कवरून वळवण्यासाठी असतात.

उपयोगाच्या मर्यादा

महाराष्ट्रात १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन उपलब्ध झाला आणि जमिनीच्या अभिलेखांसाठी शेतकऱ्याचे सर्व्हरवरील अवलंबन वाढले. खरीप पीक विम्याची मुदत संपत आली की सेवा केंद्रांवर ‘सर्व्हर डाऊन’ हे शब्द हमखास ऐकू येतात. प्रत्येक वेळी दोष डिस्कचा असतो असे मुळीच नाही, पुष्कळदा तो वाढलेल्या गर्दीचा किंवा तुटलेल्या जोडणीचा असतो. हॉट-स्वॅपमुळे टळते ते केवळ डिस्कच्या बिघाडाने येणारे बंद पडणे.

तसेच डिस्कचा समूह म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे. चुकून पुसलेली नोंद सर्व डिस्कवरून एकाच क्षणी पुसली जाते. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला लागलेल्या आगीत वरच्या मजल्यांवरील अनेक कागदपत्रे जळाली. आग कागद आणि डिस्क यांत भेद करत नाही, आणि एका कपाटातील आठही डिस्क तिला एकदमच सापडतात. म्हणून एक प्रत दुसऱ्या इमारतीत, शक्य तर दुसऱ्या शहरात ठेवली जाते.

काढलेली डिस्क

बिघडलेली म्हणून काढलेली डिस्क रिकामी नसते. नक्कल पद्धतीतील डिस्कवर संपूर्ण माहिती, तर पॅरिटी पद्धतीतील डिस्कवर तिचे तुकडे असतात, आणि अनेकदा ते वाचता येतात. खातेदारांची किंवा रुग्णांची माहिती असलेली डिस्क भंगारात देण्यापूर्वी पुसावी, पुसता येत नसल्यास तबकड्यांना छिद्रे पाडून ती निकामी करावी. वॉरंटीत डिस्क परत मागितली जात असेल तर ती स्वतःकडे ठेवण्याची मुभा खरेदीच्या करारातच मागून घेता येते. काही पुरवठादार त्यासाठी वेगळे शुल्क आकारतात.