वाट जपायची म्हणजे काय जपायचे?

आषाढीच्या आधी तुकोबांची पालखी माळीनगरचे उभे रिंगण आटोपून आपल्या श्रीपूरवरून बोरगावच्या मुक्कामाला जाते, हे तुम्हाला सांगायला नको. परवा, ऐन गळीत हंगामात, आम्ही चार म्हातारे तेवढीच वाट पायी चाललो. पालखी नसताना ती कशी दिसते, ते पाहावे म्हटले.

वारी फार जुनी. पण पादुका पालखीत घालून न्यायची प्रथा तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराजांनी 1685 मध्ये घातली, असे मानतात. आता त्याच वाटेचा पाटस ते तोंडले-बोंडले असा सुमारे 130 किलोमीटरचा राष्ट्रीय महामार्ग झाला. 8 नोव्हेंबर 2021 ला त्याची पायाभरणी झाली, तेव्हा वारकऱ्यांसाठी बाजूने वेगळा पायी मार्ग ठरला. सोय चांगलीच आहे. सावली मात्र गेली, आणि डांबरावर उन्हात उभे राहिले की ती किती मोठी गोष्ट होती ते कळते.

मग ही तीच वाट का? आपल्या न्यायशास्त्रात ‘तोच हा देवदत्त’ असे उदाहरण देतात. अंगरखा बदलला, केस पिकले, तरी आपण देवदत्ताला ओळखतो. वाटेचे अंग म्हणजे माती नव्हे, असे आम्हाला वाटते. मुक्काम, रिंगणे आणि चालणारी माणसे यांवरून आपण वाट ओळखतो. स्पेनमधली सांतियागोची यात्रावाट 1993 मध्ये जागतिक वारसा ठरली. तिथे प्रमाणपत्रासाठी पायी 100 किलोमीटर किंवा सायकलने 200 करावे लागतात. लोक बारा महिने जातात, म्हणून खेडोपाडी पाणी नि निवारा टिकून आहे.

आपल्याकडे पालखी एका दिवसात पुढे जाते. उरलेल्या दिवसांत या पायवाटेवर कोण असते? कुणी ट्रॉली लावतो, कुणी टपरी टाकतो. शाळेची पोरे सायकलने तिथूनच गेली पाहिजेत, सकाळी फिरणाऱ्यांनी तीच धरली पाहिजे. एरवी पुढच्या आषाढीला ती मोकळी करायला पोलीस लागतील. कडेला लावलेल्या रोपांना उन्हाळ्यात पाणी कोण घालणार, हेही गावानेच आज ठरवायला हवे.

परवा आमच्यापुढे वाढ्यांचा भारा घेऊन एक बाई चालली होती. वळून म्हणाली, “कुठं निघालाय, आबा?”

“बोरगावला.”

“मग येष्टी का न्हाई धरली?”

आम्हाला काही उत्तर सुचले नाही. तिच्या मागोमाग चालत राहिलो.