खेळाडू हेरणारा खेळाडू

फुटबॉलच्या गेममध्ये करिअर मोड लावून आपण रात्र रात्र जे करतो ना, स्वस्तात एखादा पोरगा शोधायचा, त्याला वाढवायचा आणि दणदणीत किमतीला विकायचा, ते खऱ्या क्लबांत कुणाचं तरी पगारी काम असतं. त्या पोस्टचं नाव स्पोर्टिंग डायरेक्टर. कोचला शनिवारच्या मॅचची काळजी, याला तीन वर्षांनंतरच्या टीमची. या कामातलं एक मोठं नाव म्हणजे डेन्मार्कचा फ्रँक आर्नेसन.

आधी तो खेळाडू म्हणून काय होता, ते बघा. जन्म 1956चा, कोपनहेगनचा. 1975मध्ये मित्र सोरेन लेर्बीसोबत तो आयॅक्सला गेला. पुढे व्हॅलेन्सिया, अँडरलेख्ट आणि पीएसव्ही. 1984च्या युरोत या मिडफिल्डरने तीन गोल मारले. 1986च्या वर्ल्ड कपमध्ये तर डेन्मार्कने धमाल केली. उरुग्वेला 6-1, पश्चिम जर्मनीला 2-0! पण जर्मनीविरुद्धची मॅच हातात असताना अगदी शेवटी आर्नेसनला लाल कार्ड मिळालं. पुढच्या मॅचला तो बाहेर, आणि स्पेनने डेन्मार्कला 5-1 असं धुतलं. तो असता तर काय झालं असतं, यावर वाद घालायला आजही मजा येते.

1988मध्ये त्याचं खेळणं थांबलं. पीएसव्हीत आधी बॉबी रॉबसनचा असिस्टंट आणि मग 1994पासून डायरेक्टर. त्याच वर्षी ब्राझीलचा 17 वर्षांचा रोनाल्डो पीएसव्हीत आला. नंतर याप स्टाम, रूड व्हॅन निस्टलरॉय, आर्यन रॉबेन. म्हणजे आपल्या आधीच्या पिढीच्या खोल्यांतली निम्मी पोस्टर्स! व्हॅन निस्टलरॉयचं मँचेस्टर युनायटेडला जाणं 2000मध्ये गुडघ्यामुळे फिसकटलं, लगेच लिगामेंटही फाटलं. वर्षभराने युनायटेडने त्यालाच घेतलं.

2004मध्ये आर्नेसन टॉटनहॅमला गेला आणि वर्षभरातच चेल्सीने त्याला पळवलं. दोन क्लब एका डायरेक्टरसाठी भांडले आणि चेल्सीला भरपाई मोजावी लागली. गंमत म्हणजे तिथे रॉबेन आधीच होता, पीएसव्हीकडूनच घेतलेला.

इथून पुढे मात्र गोष्ट तितकी गोड नाही. चेल्सीत त्याच्याकडे तरुण खेळाडूंची जबाबदारी होती. 2010चा एफए युथ कप आला, पण पहिल्या टीममध्ये टिकलेली पोरं अगदी थोडी. 2011मध्ये तो हॅम्बुर्गला गेला, तेव्हा चेल्सीतलेच पाच तरुण सोबत नेले. त्या सीझनला हॅम्बुर्ग पंधरावं आलं, रेलीगेशन जेमतेम टळलं. माझ्या मते त्याची खरी परीक्षा इथे झाली. पीएसव्हीत पोरगा चुकला तर थांबायला वेळ होता, हॅम्बुर्गमध्ये दर आठवड्याला पॉइंट्स हवे होते. नजर तीच, पण वेळच नाही.

2019मध्ये तो फेयेनूर्डला आला. पुढच्याच वर्षी फेयेनूर्डशी बोलणी चालली आहेत म्हणून एझेड अल्कमारने आपल्या कोचला काढून टाकलं. फेयेनूर्डने त्यालाच घेतलं. तो म्हणजे आर्ने स्लॉट. 2022ला टीम कॉन्फरन्स लीगच्या फायनलला पोहोचली. त्याच वर्षी तब्येतीमुळे आर्नेसन बाजूला झाला. 2023मध्ये फेयेनूर्डने डच लीग जिंकली आणि 2025मध्ये स्लॉटने लिव्हरपूलला प्रीमियर लीग जिंकून दिली.