छतावरच्या गिनीपिगांची साक्ष

‘सर्व्हिसिंगला आलेला मुलगा एसीत यूव्ही दिवा बसवून देतो म्हणतोय. बसवू का?’ असं एका वाचकांनी विचारलंय. या प्रश्नाचं उत्तर मला बाल्टिमोरच्या एका रुग्णालयाच्या छतावर सापडतं.

1950 च्या दशकाच्या अखेरीस विल्यम वेल्स आणि रिचर्ड रायली यांनी तिथल्या क्षयरोग्यांच्या सहा खाटांच्या वॉर्डातली हवा डक्टमधून वर, गिनीपिगांच्या पिंजऱ्यांपर्यंत नेली. रुग्ण खाली, प्राणी वर. मधे संबंध फक्त हवेचा. महिन्याला साधारण तीन गिनीपिगांना लागण होई. दुसऱ्या दालनातही त्याच वॉर्डाची हवा जाई, पण वाटेत अतिनील दिव्यांच्या झोतातून. तिथे एकालाही लागण झाली नाही! इतका देखणा प्रयोग क्वचितच वाचायला मिळतो.

या दिव्यांच्या इतिहासात वेल्स यांच्या पत्नी डॉ. मिल्ड्रेड यांचं नाव सहसा येत नाही, याची मला फार खंत वाटते. फिलाडेल्फिया परिसरातल्या शाळांच्या वर्गांत असे दिवे लावल्यावर 1941 च्या गोवराच्या साथीत तिथल्या मुलांना लागण कमी झाली. तो अभ्यास या दोघांचा होता.

254 नॅनोमीटरचा प्रकाश जंतूच्या डीएनएतल्या शेजारशेजारच्या थायमिनांना एकमेकांना चिकटवतो आणि जंतूची वाढ खुंटते. पण त्यासाठी प्रकाश पुरेसा प्रखर हवा आणि पुरेसा वेळ मिळायला हवा. डक्टमधली हवा सेकंदाला अडीच मीटर वेगाने धावत असेल, तर दिव्यांचा मीटरभर पट्टा ती 0.4 सेकंदात ओलांडते. 2021 मध्ये आपल्या संसदेत सीएसआयआरची यूव्ही यंत्रणा बसली, तीही डक्टमध्येच. असे दिवे हवेचा वेग मोजून, हिशेबाने बसवावे लागतात. घरच्या एसीतल्या बोटभर दिव्यावर ‘99.9 टक्के’ छापलेलं असलं, तरी पंख्यासमोरून सुसाट जाणाऱ्या हवेवर तेवढा परिणाम होईल यावर माझा विश्वास नाही.

कॉइलची गोष्ट वेगळी. एसीचं झाकण काढलं की ओल्या पत्र्यांवर आणि ड्रेन ट्रेमध्ये काळा, बुळबुळीत थर दिसतो. ही बुरशी कुठे पळत नाही; तिच्यावर तासन्‌तास प्रकाश पडू शकतो. मोठ्या इमारतींच्या एसी यंत्रणेत दिवे कॉइलसमोर लावतात ते याचसाठी.

तेव्हा त्या मुलाला दोन गोष्टी विचारा: प्रकाश थेट कॉइलवर पडतो का, आणि दिवा ओझोन सोडत नाही ना? धूळ आणि धूर मात्र या दिव्याने जाणार नाहीत. शिवाय बहुतेक स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतात. घरात कोणी खोकत असेल तर आधी खिडकी उघडा.