कॅपखालचे दोन मिलिमीटर

येडशीच्या रामलिंगाला श्रावणी सोमवारी पायऱ्या उतरणाऱ्या म्हाताऱ्यांच्या काठ्या पाहाव्यात. काठीच्या टोकाला लोखंडी शेंबी असते. लाकूड फाकू लागलं की ती आवळून धरते. मात्र तिच्या आत धड लाकूड हवं. कुजक्या टोकावर ठोकलेली शेंबी चार पावलांत निसटते. दातांचे डॉक्टर ‘फेरूल’ म्हणतात ते हेच. कॅपची शेंबी, आत उरलेल्या दाताचं लाकूड.

‘दाढेची नस काढली आणि कडक भाकरी खाताना निम्मी दाढ हातात आली,’ ही आपल्या भागातली नेहमीची तक्रार. दोष नस काढण्यावर जातो: रस आटला, दात वाळला, ठिसूळ झाला. पटण्यासारखं आहे, पण खरं नाही. सेजली आणि मेसर या संशोधकांनी १९९२ मध्ये २३ जोड्या तपासल्या. प्रत्येक जोडीत एकाच तोंडातले डाव्या-उजव्या बाजूंचे दोन दात, एक नस काढलेला, दुसरा तसाच. ठिसूळपणात म्हणावा असा फरक निघाला नाही.

दात दुबळा होतो तो भिंती गेल्याने. माळवदाला उजेडासाठी भोक ठेवलं तरी घर उभं राहतं; समोरासमोरच्या भिंती काढून पाहा! १९८९ च्या एका प्रयोगात नस काढण्यापुरत्या भोकाने दाताचा ताठपणा सुमारे ५ टक्केच घटला. दोन्ही बाजूंच्या कडा कापणाऱ्या आरपार खाचेने मात्र ६३ टक्के. आणि कीड अनेकदा या कडाच खाते.

‘मग आत खिळा बसवा की!’ पण हा खिळा, म्हणजे पोस्ट, दाताला बळ देत नाही. वरचा भराव धरून ठेवणं एवढंच त्याचं काम, आणि त्याला जागा करायला मुळातला आणखी दात कोरावा लागतो. वर फेरूल नसेल तर ताठ धातूचा पोस्ट पाचरीसारखा वागतो. मूळ उभं चिरलं की दात बहुतेक काढावाच लागतो.

म्हणून कॅपच्या कडेच्या वर, कॅपच्या आत, सगळीकडून दीड ते दोन मिलिमीटर उंच आणि निदान एक मिलिमीटर जाड असा धड दात हवा. तो हिरडीखाली गेला असेल तर हिरडी-हाड थोडं उतरवतात किंवा तारेने मूळ हळूहळू वर ओढतात. जाणता डॉक्टर आधी सगळी कीड कोरून काढतो, खुणांच्या सळईने उरलेल्या भिंती मोजतो. कॅपचा भाव त्यानंतर.