जुन्या जावाचा सातबारा

बँकेची कर्जवसुली, विम्याचे दावे, कारखान्यातला साठा, विद्यापीठाचे निकाल अशी कामं पंधरा-वीस वर्षं बिनबोभाट ओढणारे जावातले वेब प्रकल्प आजही पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांकडे देखभालीला असतात. त्यांतले काही २००४-०५ साली ज्या रीतीनं बांधले जात होते, त्याच रीतीनं आजही बांधले जातात. प्रोग्रामरनं लिहिलेला मजकूर यंत्राला कळेल अशा रूपात आणायचा, इतरांनी लिहिलेल्या तयार लायब्रऱ्या त्याला जोडायच्या, चाचण्या घ्यायच्या आणि सगळ्याचं एक गाठोडं करून सर्व्हरवर ठेवायचं, या खटाटोपाला धंद्यात ‘बिल्ड’ म्हणतात. जावाच्या वेब प्रकल्पांत या गाठोड्याचं नाव वॉर फाइल. लढाईशी तिचा संबंध नाही, ‘वेब अर्काइव्ह’चं ते लघुरूप आहे. बिल्डची जुनी रीत सोडून मेव्हन किंवा ग्रेडलवर यायचं का, हा प्रश्न बजेटच्या वेळी निघतो आणि पुढच्या बजेटवर ढकलला जातो. तो ढकलला जातो, कारण तो वेग, सोय आणि आधुनिकता यांच्या नावानं मांडला जातो, आणि या तिन्हींसाठी पैसे मोजायला ग्राहक तयार नसतो. खरा मुद्दा यादीचा आहे. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये काय काय भरलेलं आहे याची नोंद नसेल, तर ते आपल्या ताब्यात आहे असं म्हणणं धाडसाचं आहे. नव्या रीतीवर येताना ही नोंद करावीच लागते, आणि स्थलांतराची खरी कमाई तीच आहे.

जुन्या रीतीचं नाव अँट. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये टॉमकॅट या वेब सर्व्हरवर काम करताना जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी ते लिहिलं आणि २००० साली ते स्वतंत्रपणे बाहेर पडलं. त्याआधी युनिक्सचं ‘मेक’ होतं. त्यात ओळीच्या सुरुवातीला टॅबऐवजी स्पेस पडली की बिल्ड कोसळत असे, म्हणून अँट आलं तेव्हा लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. अँट हुकमाचा ताबेदार आहे. हा फोल्डर कर, या फायली तिकडे कॉपी कर, आता गाठोडं बांध, असं सांगाल तसं ते करतं. पण लायब्ररी कुठून आली, कोणत्या आवृत्तीची आहे, हे विचारणं त्याच्या स्वभावात नाही. मेव्हनची पहिली आवृत्ती २००४ साली आणि मोठ्या प्रमाणावर वापरली गेलेली दुसरी २००५ साली आली. तिनं उलटा प्रश्न विचारला: तुम्हाला काय काय लागतं ते नाव आणि आवृत्तीसह लिहून द्या, आणणं-जोडणं माझ्याकडे लागलं. २०१२ साली १.० झालेल्या ग्रेडलनं हाच विचार ठेवून लिहिण्याची भाषा सैल केली आणि बिल्डचा वेग वाढवला. मेव्हन की ग्रेडल यावर तासन्‌तास वाद घालणारे बरेच भेटतात. जुन्या प्रकल्पासाठी तो वाद दुय्यम आहे.

अँटच्या काळात लायब्रऱ्या ठेवायची जागा म्हणजे वॉर फाइलमधल्या वेब-इन्फ फोल्डरच्या आतला ‘लिब’ फोल्डर. असा एखादा वीस वर्षं वापरातला लिब फोल्डर उघडून पाहावा. त्यात शे-सव्वाशे जार फायली, म्हणजे लायब्रऱ्यांची बांधलेली गाठोडी, निघाल्या तर नवल नाही. काहींच्या नावात आवृत्तीचा आकडा असतो, काहींच्या नावात नुसतं ‘कॉमन्स-लँग’. एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या शेजारी शेजारी नांदत असतात. त्यांपैकी सर्व्हर कोणती आधी उचलेल याची हमी जावाच्या वेब सर्व्हरांची नियमावली देत नाही, म्हणजे एका यंत्रावर चालणारी गोष्ट दुसऱ्यावर बिघडू शकते. आणि एखादी फाइल ‘फायनल-न्यू-फिक्स्ड’ अशा नावाची असते. कुणीतरी कधीतरी मूळ लायब्ररीत हात घालून दुरुस्ती केली, नोकरी बदलली आणि दुरुस्तीचं कारण सोबत नेलं. आजीचा गोडा मसाला अंदाजपंचे असला तरी चव बिघडत नाही, कारण आजी घरात असते. इथे आजी कधीच दुसऱ्या कंपनीत गेलेली असते.

याची किंमत डिसेंबर २०२१ मध्ये कळली. प्रोग्रामच्या नोंदी लिहिणाऱ्या लॉगफोरजे या लायब्ररीत असं भगदाड सापडलं की बाहेरच्यानं एक विशिष्ट मजकूर पाठवला आणि तो नोंदवहीत उतरला, की सर्व्हरचा ताबा त्याच्याकडे जाऊ शकत होता. तीव्रतेच्या मोजपट्टीवर त्याला दहापैकी दहा गुण मिळाले. दुरुस्तीसुद्धा एका झटक्यात झाली नाही. २.१५, २.१६, २.१७ आणि २.१७.१ अशा चार आवृत्त्या एकाच महिन्यात आल्या. यादी लिहिलेली होती तिथे दर वेळी एक आकडा बदलून बिल्ड पुन्हा चालवायचं होतं. यादी नव्हती तिथे आधी शोधमोहीम काढावी लागली, आणि ती लायब्ररी दुसऱ्या जारच्या पोटात दडलेली असली की नावावरून शोधूनही सापडत नसे. अमेरिकी सरकारच्या एका खात्यानं या एका प्रकरणावर ३३ हजार मनुष्यतास घालवले, असं तिथल्या सायबर सुरक्षा आढावा मंडळानं २०२२ च्या अहवालात नोंदवलं. त्याआधी २०१७ साली इक्विफॅक्स या अमेरिकी पतमाहिती कंपनीतून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीला गेली. चोर शिरले ते स्ट्रट्स या जावा लायब्ररीतल्या भोकातून, आणि त्याची दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध होती. कंपनीच्या चुका अनेक होत्या, पण आपल्याकडे कुठे काय चालतं याची पूर्ण यादीच नसणं ही त्यांतली एक, असं तिथल्या संसदेच्या चौकशीत निघालं.

यावर जुन्या प्रकल्पांचे पाठीराखे एक मार्मिक आक्षेप घेतात. जुने प्रकल्प लॉगफोरजेच्या १.x आवृत्तीवर होते आणि ते भगदाड २.x मधलं, म्हणजे जुनं राहिल्यानंच ते वाचले! वाचले हे खरं. पण आपण वाचलो हे कळण्यासाठीही लिब फोल्डर उपसावाच लागला. शिवाय १.x चा सांभाळ ऑगस्ट २०१५ मध्येच थांबला आहे. तिच्यात सापडलेली भोकं मूळ प्रकल्प बुजवणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दोष अँटचा नाही, कारण ज्या टॉमकॅटच्या कामातून अँट निघालं, तो टॉमकॅट आजही अँटनंच बांधला जातो. हे मान्य करायला हवं. फक्त टॉमकॅटच्या बिल्डमध्ये बाहेरून आणायच्या प्रत्येक लायब्ररीची आवृत्ती आणि फाइल अस्सल असल्याची तपासणी-खूण एका फाइलमध्ये लिहून ठेवलेली आहे. म्हणजे अँट ठेवूनही यादी ठेवता येते. एवढी शिस्त ज्या चमूकडे आहे त्यानं स्थलांतराच्या फंदात पडू नये. पण ही शिस्त अँट तुमच्यावर लादत नाही, मेव्हन आणि ग्रेडल लादतात. माणसं बदलत राहणाऱ्या देखभालीच्या प्रकल्पात लादलेली शिस्तच टिकते. मेव्हन प्रत्येक बिल्डला इंटरनेटवरून लायब्रऱ्या ओढतं, हीच मोठी जोखीम आहे, असंही म्हटलं जातं. ते अर्धसत्य आहे. एकदा आणलेली लायब्ररी यंत्रावर साठवली जाते, आणि शहाणी कंपनी मध्ये स्वतःचं भांडार ठेवून बाहेरची आवक त्याच दारातून होऊ देते.

उरला ‘चालतंय ना, मग हात कशाला लावायचा’ हा आक्षेप. त्याला उत्तर देण्यापेक्षा काम कसं करायचं ते सांगणं बरं, कारण भीती बहुधा न पाहिलेल्या कामाची असते. आरंभी फोल्डरांची रचना बदलू नये. मेव्हनला स्वतःची ठरावीक रचना आवडते खरी, पण जुनी जागा दाखवली तर ते तीही चालवून घेतं. मग एकेक जार ओळखायची. आतल्या मॅनिफेस्ट फाइलमध्ये आवृत्ती मिळते. नाही मिळाली तर फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारी खूण, काढून तो मेव्हन सेंट्रल या सार्वजनिक भांडारात शोधायचा. एक अक्षरही न बदललेली अस्सल प्रत तिथे असेल, तर हॅश जुळतो. जी कुठेच जुळत नाही ती कुणीतरी हात लावलेली, आणि खरे दिवस तिथेच जातात. सर्व्हर स्वतः पुरवतो त्या लायब्रऱ्या गाठोड्यात कोंबू नयेत. लायब्रऱ्यांनी आपापली पाहुणेमंडळी सोबत आणली आणि एकाच पाहुण्याच्या दोन आवृत्त्या दारात आल्या, तर मेव्हन जवळच्या नात्याची आत घेतं आणि ग्रेडल वयानं सर्वांत नवी. हा फरक ठाऊक नसला की रात्री जागाव्या लागतात. शेवटी जुनी आणि नवी वॉर फाइल उघडून आतल्या फायलींची एकेक करून तुलना करायची. दोन्हींतल्या प्रत्येक फरकाचं कारण सांगता येत नाही, तोवर जुनी बिल्ड फाइल पुसायची नाही. लायब्रऱ्यांच्या आवृत्त्या वाढवण्याचा मोह या काळात आवरावा. घर बदलणं आणि फर्निचर बदलणं एकाच दिवशी केलं, की काय कुठे मोडलं ते कळत नाही.

सॉफ्टवेअर चालतंय तोवर त्याची यादी कुणी मागत नाही. सातबाऱ्याचंही असंच असतं. पीक उभं असेपर्यंत उतारा कुणी मागत नाही. सॉफ्टवेअरचा उतारा मागायला मात्र सुरुवात झाली आहे. अशा घटक-यादीला एसबीओएम म्हणतात, आणि मेव्हन व ग्रेडल दोन्हींसाठी ती बिल्डच्या वेळीच काढून देणारे प्लगइन आहेत. केंद्राच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेनं ऑक्टोबर २०२४ मध्ये तिच्यासाठी तांत्रिक मार्गदर्शक सूचना काढल्या. त्याआधी ऑगस्टमध्ये सेबीनं आपल्या सायबर सुरक्षा चौकटीत ही यादी मिळवण्याची अट घातली. जुन्या प्रणालीची यादी मिळतच नसेल, तर मर्यादा, कारणं आणि जोखीम कशी सांभाळणार ते मांडून संचालक मंडळाची मंजुरी घ्यायची आहे. इतकी वर्षं लिब फोल्डर उघडून पाहायला कुणी कनिष्ठ प्रोग्रामरही तयार नव्हता. आता त्यातली यादी देता येत नसेल, तर संचालकांची मंजुरी लागते.