अ‍ॅडेनोसीन
अ‍ॅडेनीन हा क्षारक व रायबोज ही शर्करा यांच्या संयोगाने बनलेले न्यूक्लिओसाइड. कोशिकेतील ऊर्जावाहक अ‍ॅडेनोसीन ट्रायफॉस्फेटाच्या (एटीपीच्या) विघटनातून ते निर्माण होते. जागेपणी ते मेंदूत साचत जाऊन झोप येऊ लागते. कॅफीन त्याची ग्राही प्रथिने अडविते, म्हणून चहा-कॉफीने तरतरी येते. मेंदूचा रक्तपुरवठा खंडित झाल्यास एटीपी झपाट्याने खर्ची पडून अ‍ॅडेनोसिनाचे प्रमाण एकदम वाढते. ए१ ग्राहींमार्फत ते ग्लुटामेट या उत्तेजक द्रव्याचे विमोचन रोखते. तंत्रिका कोशिकांचे कार्य मंदावून त्यांची ऊर्जेची गरज घटते व हानी काहीशी टळते. तथापि ते हृदयगतीही मंद करते, हे ड्रूरी व सेंट-ड्यर्डी यांनी १९२९ मध्ये दाखविले होते. या परिणामामुळे मेंदूरक्षक औषध म्हणून त्याचा वापर अवघड ठरला आहे.